सहा नंबरचा कॅमेरा

सलीमभाई गेले त्याला आता वर्ष होईल. गेले म्हणजे भारतात गेले हो, दापोलीकडे, आपल्या गावी. चांगले धडधाकट आहेत. मस्कतमध्ये कुणी ‘गेले’ म्हटलं की समोरचा आधी दचकतो, म्हणून पहिल्यांदाच सांगून टाकते. पण इथून गेले ते गेलेच. आणि गंमत म्हणजे त्यांची आठवण मला गाणं ऐकताना येत नाही. माझा नवरा टीव्हीसमोर पाय पसरून तासभर एकाच चॅनलवर बसला की येते. वाटतं, आत्ता सलीमभाई असते तर उभे राहून म्हणाले असते, “बदला हो! त्या माणसाचं बोलून झालंय, दिसत नाही तुम्हाला?”

आमचं काम काय होतं ते आधी सांगते, कारण माझ्या सासूबाईंना ते अजून कळलेलं नाही. इथल्या नाट्यगृहात ऑपेरा होतात. युरोपातून शंभरेक माणसं येतात, आपल्या वाद्यांसकट, आणि तीन-तीन तास गातात. ते कधी टीव्हीवर थेट दाखवतात, कधी रेकॉर्ड करून ठेवतात. त्यासाठी सभागृहात सहा कॅमेरे लावायचे, आणि सहांची चित्रं मागच्या आवारात उभ्या असलेल्या एका लांबलचक गाडीत येणार. गाडीत भिंतभर पडदे. सहांतलं कुठलं चित्र कुठल्या क्षणी लोकांना दाखवायचं, हे एका माणसाने तीन तास न थांबता सांगत राहायचं. तो माणूस म्हणजे सलीमभाई मिरकर. आणि त्यांच्या डाव्या हाताला स्वरलिपीचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसणारी, पुढे काय येतंय ते मोठ्याने सांगणारी बाई म्हणजे मी. सात वर्षं हेच.

मी मूळची मिरजेची. मिशनच्या चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या एका बाईंकडे लहानपणी शिकले, ती विद्या पुढे इंडियन स्कूलमध्ये पोरांना ‘सा’ लावायला शिकवण्यात खर्ची पडत होती. एक दिवस नवऱ्याच्या ओळखीतून निरोप आला, की पाश्चात्त्य नोटेशन भराभर वाचणारं कुणीतरी हवंय. मी साडी-बिडी नेसून, सर्टिफिकिटांची फाइल घेऊन गेले. गाडीचं दार उघडलं तर आत पन्नाशी उलटलेला, किरकोळ अंगाचा एक माणूस अनवाणी येरझाऱ्या घालतोय. चपला दाराशी काढलेल्या. खिशात दोन पेनं, गालात बडीशेप. डिरेक्टरची म्हणून जी मोठी गुबगुबीत खुर्ची होती, तिच्यावर त्यांची पिशवी बसलेली.

“तुम्ही बसा ना,” मी म्हटलं. मास्तरणीची सवय.

“बसलो की मी आळशी होतो,” ते म्हणाले. “टीचर, हे पुस्तक तुम्हाला वाचता येतं?”

“येतं.”

“मला नाही येत. मला नुसत्या मुंग्या दिसतात.” हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मीच ओशाळले. “पण वाचता येणं वेगळं नि आधी सांगता येणं वेगळं. बाई गायला लागल्यावर ‘बाई गातेय’ असं मला सांगितलंत तर काय उपयोग? ते मलाही ऐकू येतं. मला ती तोंड उघडायच्या आधी हवीय.”

मग त्यांनी एक रेकॉर्डिंग लावलं आणि मी सांगायला लागले. “उशीर,” ते म्हणाले. पुन्हा लावलं. “उशीर.” पुन्हा. “उशीर हो टीचर, गाडी सुटली.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं मी दुसऱ्यांना तालावर आणत होते, आणि हा नोटेशन न येणारा माणूस मला उशीर म्हणतोय! रागाच्या भरात पुढच्या खेपेला मी प्रत्येक गोष्ट दोन मात्रा आधी ओरडले. तेव्हा ते थांबले, हसले आणि म्हणाले, “बस. अशाच रागावलेल्या राहा.”

नोटेशन येत नसताना हा माणूस ऑपेरा कसा करायचा, असं मला पुष्कळांनी विचारलंय. त्याचं उत्तर उंटांत आहे. सलीमभाई ओमानला आले ते रुवीतल्या एका फोटो स्टुडिओत नोकर म्हणून. “अर्ध्या मस्कतचे पासपोर्ट फोटो मी काढलेत,” असं सांगायचे, “आणि एकही माणूस त्यात स्वतःसारखा दिसत नाही.” तिथून लग्नाचे व्हिडिओ, तिथून टीव्हीवाल्यांकडे, आणि मग दहाएक वर्षं उंटांच्या शर्यती. वाळवंटात आठ कॅमेरे, धुरळा, आणि पन्नास उंट एकदम सुटलेले. त्यात ते तरबेज झाले. “उंट कधी वळणार ते पायांवरून कळत नाही टीचर. मान आधी सांगते. गाणाऱ्याचे खांदे सांगतात. खांदे उचलले की श्वास भरला, श्वास भरला की सूर येणारच. तो सूर यायच्या आत चित्र बदललं पाहिजे.” ते श्वासावर कापायचे. मी पुस्तकातून हाक देई ती दूरची. शेवटच्या क्षणाची खूण ते स्वतः पडद्यावरच्या खांद्यांत शोधत. परदेशातून येणाऱ्या निर्मात्यांना वाटायचं, या माणसाला सगळा ऑपेरा पाठ आहे. पाठ कसला! एकदा मध्यंतरात मला विचारलं होतं, “ही बाई पहिल्या अंकात त्याची बहीण होती ना? मग आता ही काय करतेय?”

पायाला भिंगरी म्हणतात तशी त्यांच्या पायाला होती. गाडीत साडेतीन पावलं जागा; तेवढ्यात प्रयोगभर फिरायचे. हेडफोनची वायर मुद्दाम लांब करून घेतलेली, ती माझ्या खुर्चीच्या पायात अडकायची आणि दर प्रयोगाला एकदा तरी मी ती सोडवायची. सीबला त्यांच्या घरी जेवायला गेलं तरी तेच. रुबीनाभाभी वाढतायत, सांदणांचा वास सुटलाय, आणि हे पानावरून उठून खिडकी बंद कर, पुन्हा उघड, माझ्या नवऱ्याला म्हण, “साहेब, तुम्ही या बाजूला या, तिथे तुमच्या तोंडावर उजेड नाही.” भाभी म्हणायच्या, “तीस वर्षांत यांनी माझ्यासमोर एक अख्खी चपाती बसून खाल्ली असेल तर शपथ.”

कामावर त्यांच्या तोंडी दोनच शब्द खरे. चित्र घ्यायचं तर “घे”, आणि कॅमेरा मोकळा करायचा तर “सोड”. इंग्रजीत सुरुवात करायचे, पण अंक रंगात आला की सगळं इंग्रजी गळून पडे आणि खणखणीत कोकणी आवाजात “टू घे! फोर घे! थ्री सोड!” असं चाले. बटणं दाबणारा जोएल फिलिपिनो, सहा नंबरच्या कॅमेऱ्यावरचा शिजू केरळचा, बाकी ओमानी, बंगाली. सगळ्यांना ते दोन शब्द पाठ. एकदा सलीमभाई तापाने आजारी पडले, बदली माणूस आला आणि शुद्ध इंग्रजीत ‘टेक’ म्हणायला लागला, तर जोएलचा हात हलेना. मला म्हणाला, टीचर, हा माणूस बरोबर सांगत नाहीये.

एक प्रसंग मी विसरणार नाही. थेट प्रक्षेपण चालू होतं. तिसऱ्या अंकात कोरसमधली एक बाई पायरीवरून घसरली आणि चांगली आपटली. दोन नंबरच्या कॅमेऱ्यात ती अख्खी दिसत होती. केसांचा टोप एकीकडे, ती एकीकडे. जोएलचं बोट बटणावर. सलीमभाई म्हणाले, “फोर घे.” चार नंबरमध्ये वाद्यवृंदाच्या संचालकाचे नुसते हात. ते हात त्यांनी इतका वेळ दाखवले की मला वाटलं, यांना काही झालं की काय. कोपऱ्याच्या पडद्यावर ती बाई उठली, टोप घातला, रांगेत जाऊन गायला लागली, तेव्हा कुठे “टू घे.”

प्रयोग संपल्यावर पाहुणा निर्माता तणतणत गाडीत आला. एवढा क्षण हातातून घालवलात, लोकांनी मोबाइलवर हजारदा पाहिला असता, वगैरे. सलीमभाई येरझाऱ्या घालत ऐकत राहिले. मग मला म्हणाले, “टीचर, ह्याला तुमच्या चांगल्या इंग्लिशमध्ये सांगा, पडलेल्या माणसाला उठेपर्यंत एकटं सोडायचं असतं.” मी सांगितलं. निर्मात्याने खांदे उडवले. “खलास,” सलीमभाई म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले.

प्रेक्षकांकडे तर ते कॅमेरा वळवूच देत नसत. इथल्या घरंदाज बायकांना आपला चेहरा टीव्हीवर गेलेला आवडत नाही, हे एक कारण. पण तेवढंच नव्हतं. “ती माणसं गाणं ऐकायला आलीयत,” ते म्हणायचे. “ऐकताना माणसाचं तोंड उघडं पडतं. ते आपण बघायचं नसतं.” सहा नंबरचा कॅमेरा वरच्या बाल्कनीत असे, तिथून सगळं सभागृह दिसे, म्हणून शिजूला दर प्रयोगाआधी ताकीद मिळायची, “सिक्स, तुझी नजर खाली. स्टेजवर.”

हे सगळं त्यांच्यात कुठून आलं ते मला त्यांची आई आली तेव्हा कळलं.

मावशी विझिट व्हिसावर तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. ऐंशीच्या आसपास, ताठ, पांढरी ओढणी डोक्यावरून घट्ट, आणि बोलणं असं की ऐकत राहावं. मी पहिल्यांदा भेटायला गेले, कौतुकाने फोन काढला आणि म्हटलं, “मावशी, एक फोटो?” तर त्यांनी ओढणीच तोंडावर घेतली. “मना नको हां बाय. फोटू-बिटू काय नको.”

सलीमभाई खिडकीशी उभे होते. म्हणाले, “टीचर, मी पोटासाठी जन्मभर फोटो काढले. पण हिचा एक नाही माझ्याकडे.”

“पासपोर्टवर आहे की,” मी म्हटलं.

“तो सरकारचा,” मावशी म्हणाल्या. “त्यात मी चोरावानी दिसते. मी मेले की तो जाळा नायतर काय बी करा.”

मग त्यांनी कारण सांगितलं. त्यांचे मालक बोटीवर नोकरीला. अडीच-अडीच वर्षांनी यायचे. लग्नानंतर त्यांनी एक फोटो दिला होता, तो मावशी ट्रंकेत ठेवून रोज बघायच्या. “बघून बघून तोच खरा वाटाया लागला बघ. मग हे बोटीवरनं आले नि दारात उभे, तर मना वाटलं, हा कोण बाप्या? नाक निराळं, हसणं निराळं. आठ दिस मी बोलले नाय त्यांच्याशी. तवापास्नं ठरवलं. फोटू ठेवला की डोळे आळशी होतात. मग माणूस आठवत नाय, फोटूच आठवतो. पोरांना सांगितलं, मी मेले की माजी आठवण काडा. फोटू काडू नका.” सलीमभाईंनी पहिला कॅमेरा घरी आणला तेव्हा त्यांच्याकडून डोक्यावर हात ठेवून तसं वचन घेतलं होतं. त्यांनी ते चाळीस वर्षांच्या जवळपास पाळलं. हातात कॅमेरा असलेल्या माणसाने! मला तर आमच्या कुत्र्याचे दोनशे फोटो काढल्याशिवाय चैन पडत नाही.

त्यांच्या मुक्कामातच एका इटालियन ऑपेराची तयारी चालू होती. रंगीत तालमीला आमच्या घरच्या माणसांना येऊ देत, म्हणून भाभी मावशींना घेऊन आल्या आणि समोरच्या बाजूच्या बाल्कनीत, कठड्याशी बसल्या. पहिल्या अंकानंतर मी भेटायला गेले. मावशी म्हणाल्या, “ती जाडी बाय इतकी का वरडते? कोन मेलंय काय?”

“अजून नाही,” मी म्हटलं. “शेवटच्या अंकात मरते.”

“मग आताच कशाला?”

पण दुसऱ्या अंकात त्याच बाईचं एक लांब, संथ गाणं होतं. एकटीचं. तालीम असली तरी सहाही कॅमेरे आपापल्या कार्डावर रेकॉर्ड करत होते. प्रयोगात काही फसलं तर तालमीतला तुकडा जोडता येतो. त्या गाण्यात सहा नंबरला काम नव्हतं. मोकळा कॅमेरावाला गप्प बसत नाही, काहीतरी शोधून डिरेक्टरपुढे ठेवतो. शिजूने कॅमेरा हळूच वळवला, आणि सहाव्या पडद्यावर मावशींचा चेहरा आला. अख्खा पडदाभर. त्या कोण हे शिजूला ठाऊक होतं. वचनाचं बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. सरांना खूश करावं एवढंच त्याच्या मनात.

मी पुस्तकातून मात्रा मोजत होते. “तीन, दोन, सोप्रानो पुन्हा,” मी म्हटलं, म्हणजे ती गाणारी बाई. ‘घे’ आलं नाही. मी वर बघितलं तर सलीमभाई उभे. म्हणजे थांबलेले. येरझारा नाही, बडीशेप नाही, काही नाही. सहा नंबरच्या पडद्याकडे बघतायत. जोएल माझ्याकडे बघतोय. तीन जागा अशाच गेल्या. मला वचन माहीत होतं, आणि रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू आहे हेही दिसत होतं.

मग अगदी हलक्या आवाजात ते म्हणाले, “सिक्स, सोड.”

चेहरा पडद्यावरून सरकला. “टू घे,” ते म्हणाले, आणि पावलं पुन्हा सुरू झाली. तालीम संपल्यावर शिजूला बोलावलं. “आजच्या तुझ्या कार्डाची गरज नाही. पुसून टाक.” शिजूने मान डोलावली.

मावशी परत गेल्या. त्यानंतर सहा महिन्यांनी, एका सकाळी, अंगणात कोंबड्यांना दाणे टाकता टाकता वारल्या. फोन आला तेव्हा सलीमभाई गाडीत केबली मोजत होते. मिळेल त्या विमानाने मुंबई, तिथून भाड्याची गाडी. त्यांच्यात माती लांबवत नाहीत. दुपारच्या नमाजानंतर दफन झालं. हे पोचले तेव्हा रात्र झाली होती, आणि कबरीवरची माती ओली होती. तोंड बघायला मिळालं नाही.

परत आले ते निराळेच. आधी फिरायचे ते कामात फिरायचे. आता फिरण्यात कामच राहीना. चित्रं इतकी भराभर कापायला लागले की बघणाऱ्याला भोवळ यावी. श्वास यायच्या आधीच “घे”, सूर संपायच्या आधीच “सोड”. मी पुस्तकातून काही सांगायच्या आत ते पुढे गेलेले असायचे. एकदा मी चिडून म्हटलं, “सलीमभाई, जरा थांबा तरी! ती बाई अजून गातेय.” ते म्हणाले, “टीचर, मला तिचा चेहरा दिसेना.” मला वाटलं गाणारीबद्दल बोलतायत. “आठवायला बसतो नि समोर काय येतं? तो पासपोर्टचा फोटो. चोरासारखा. दुसरं काही येतच नाही.” आणि दाराबाहेर निघून गेले.

त्या रात्री मला झोप आली नाही. एवढा सज्जन माणूस, जन्मभर दुसऱ्यांचे चेहरे राखत आला, आणि याला आपल्या आईचा चेहरा आठवू नये!

दुसऱ्या दिवशी शिजू माझ्याकडे आला. इकडे-तिकडे बघून खिशातून एक कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं. “टीचर, मी पुसलं नाही,” तो म्हणाला. “दुसरं कार्ड पुसलं. माझी आईपण गावाला आहे. हात धजला नाही. सरांना द्यायची हिंमत नाही माझी. तुम्ही द्या.”

चाळीस सेकंदं होती. मी घरी लॅपटॉपवर कॉपी करून घेतली, कारण अशा गोष्टी एकाच ठिकाणी ठेवायच्या नसतात हे सलीमभाईंनीच शिकवलेलं. मग बघितली. पुन्हा बघितली. दोन आठवडे ते कार्ड माझ्या चष्म्याच्या डबीत होतं, आणि मी रोज घरून अल अमेरातच्या घाटातून कामावर येताना ठरवायचे, आज देते. आणि रोज तसंच परत आणायचे. द्यावं तर त्यांचं वचन मी मोडलं. न द्यावं तर त्या माणसाची तगमग बघवत नाही. नवरा म्हणाला, “देऊन टाक ना. मेलेल्या माणसाला काय कळतंय?” त्याच्यावर मी उगीचच भडकले.

शेवटी दिलं. म्हणजे नुसतं सांगितलं, की असं असं आहे, माझ्याकडे आहे. सलीमभाई ओरडले. सात वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा. “कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कुणी सांगितलं होतं?” भर दुपारी त्या तापलेल्या आवारात अनवाणीच उतरले आणि गाडीभोवती फेऱ्या मारायला लागले. मी दारात त्यांच्या चपला घेऊन उभी. मला रडू येत होतं, आणि रागही येत होता, की पाय भाजतील या माणसाचे.

तीन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. चौथ्या दिवशी दुपारी मंडळी जेवायला गेली, तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “कार्ड आहे?”

“आहे.”

“लावा. आवाज चालू ठेवा.” मी कार्ड घातलं. वर बघते तर ते पडद्यांकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून उभे. “मी बघणार नाही,” ते म्हणाले. “तिला शब्द दिलाय. पण ऐकणार नाही असं कधी म्हटलं नव्हतं. तुम्ही वाचा.”

“काय वाचू?”

“नेहमी वाचता तसंच. व्हायच्या आधी सांगायचं. कितीदा बघितलंय तुम्ही हे?”

“पुष्कळदा,” मी म्हटलं.

“मग पाठ असेल. यल्ला, चला.”

मी चालू केलं. बाईचं ते संथ गाणं सुरू झालं. “मावशी कठड्यावर हात ठेवून बसल्यात,” मी म्हटलं. “आता ओढणी कानामागे सारतील.”

“कुठला कान?”

“डावा.”

“त्याच कानाने ऐकू येतं तिला,” ते म्हणाले.

“आता तोंड जरा उघडेल. पुढचा एक दात नाहीये.” पाठमोरे खांदे हलले, हसले असावेत. “आता उजवा हात उचलतील. गळ्यावर ठेवतील, स्वतःच्या. हनुवटी वर. कपाळावर आठी आहे, पण रागाची नाही. आता श्वास घेतील.”

आणि मग गाणारीचा सूर आला.

सलीमभाईंनी हात वर केला. “परत.” मी मागे नेलं. “आता श्वास घेतील,” मी म्हटलं. सूर आला. “परत.” तिसऱ्यांदा. ते तसेच, दाराकडे तोंड. “टीचर, ती गाणारीच्या आधी श्वास घेते?”

“आधी,” मी म्हटलं. “दर ओळीला. गाणं पहिल्यांदाच ऐकत होत्या, तरी.”

ते म्हणाले, “पुढे.”

“पुढे थोडंच आहे. हात खाली घेतील. डोळे ओले आहेत, पुसणार नाहीत. आता मान वळवतील. इकडे. कॅमेऱ्याच्या बाजूला.”

“बघितलं तिने? कॅमेरा बघितला?”

“माहीत नाही, सलीमभाई. मान वळायला लागते आणि तिथेच तुम्ही ‘सोड’ म्हणालात.”

“बरं केलं,” ते म्हणाले. “बरं केलं मी.” मग म्हणाले, “टीचर, दिसली मला. तो दात, डावा कान. आठीसकट दिसली. आता सोडा ते.”

मी कार्ड पुसलं.

“आणि दुसरी कॉपी?” ते म्हणाले. “टीचर, मी तुम्हाला शिकवलंय. एकाच ठिकाणी तुम्ही ठेवणार नाही.”

मी लॅपटॉप काढला आणि तीही पुसली. “खलास?” त्यांनी विचारलं. “खलास,” मी म्हटलं. तेव्हा ते वळले. साडेतीन पावलांतली दोन पावलं चालले, खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली, आणि बसले. त्या गुबगुबीत खुर्चीत, पाय सैल सोडून, दोन्ही हात मांडीवर. सहा रिकाम्या पडद्यांकडे बघत, चांगली दहा मिनिटं, न हलता. मंडळी जेवून आली. जोएलने दार उघडलं, त्यांना बसलेलं बघितलं आणि बाकीच्यांना हाताने बाहेरच थांबवलं.

त्या हंगामानंतर ते गेले. मी विमानतळावर निरोप द्यायला गेले तेव्हा ते नेहमीसारखेच इकडून तिकडे फिरत होते, सामानाची ट्रॉली ढकलत. पण मला ते बसलेलेच आठवतात. त्या दुपारी फोन माझ्या हातात होता आणि दाराच्या फटीतून त्यांच्या तोंडावर छान उजेड येत होता. एक फोटो सहज घेता आला असता. मी तो घेतला नाही.